आवतण कुणी द्यायचं? पालखीच्या वाटेवरच्या एका गावातलं सेवेचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बाजाराच्या गावातलं आहे. गाव ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेवर आहे, एवढंच सांगते. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या कामात मी समन्वयक होते, त्यामुळे ज्या चुका पुढे येतील त्यातल्या बऱ्याच माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

२०२२ च्या सुरुवातीला आमच्या छोट्या संस्थेनं या गावात घरपोच शुश्रूषा सुरू केली. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, नर्स तीन दिवस, आणि मी गावातच राहणार. आशाताईंना बरोबर घेऊन गल्लीगल्लीतून फिरलो तेव्हा अंथरुणाला खिळलेली किंवा एकटी राहणारी ४१ म्हातारी माणसं यादीत आली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं शंभरात दहाच्या आसपास होती. या गावात फिरताना मात्र दर दुसऱ्या-तिसऱ्या ओट्यावर म्हातारं माणूस दिसायचं, कारण तरणी पोरं चाकण, रांजणगाव, पिंपरीच्या कंपन्यांत होती. कुणाची सून गावात असायची, कुणाची तीही नाही. डबा शेजारून येई, औषध मेडिकलवाला पोचवी. रात्री मात्र माणूस आणि भिंत.

नर्स तीन दिवस येऊन काय होणार? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचेवर जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. तोंड आतून पुसावं लागतं, गोळ्या वेळेवर द्याव्या लागतात. आणि कुणीतरी नुसतं येऊन बसावं लागतं. हे काम शेजारच्या माणसांशिवाय होत नाही. केरळात मलप्पुरम आणि आसपासच्या भागात १९९९ पासून हेच उभं राहिलं होतं: आठवड्याला दोन तास देऊ शकणारे शेजारी, त्यांना थोडं शिक्षण, पाठीशी नर्स आणि डॉक्टर. तो नमुना डोळ्यापुढे ठेवून आम्ही कामाला लागलो.

अडचण

आम्ही फॉर्म छापले. वर लिहिलं, ‘स्वयंसेवक हवेत’. खाली नाव, वय, शिक्षण, आणि ‘आठवड्याला किती तास देऊ शकाल?’ ग्रामपंचायत, हायस्कूल, विठ्ठल मंदिर आणि कॉलेज अशा चार ठिकाणी ठेवले. दोन महिन्यांत २६ फॉर्म आले, त्यातले बहुतेक कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलामुलींचे. त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. मुलं चांगली होती, मनापासून यायची, पण तासांच्या वहीवर सही झाली आणि परीक्षा जवळ आली की थांबायची. त्यात त्यांचा दोष नाही, आम्हीच त्यांना तास मागितले होते. गावातल्या मोठ्या माणसांपैकी शिकायला नऊ जण आले. महिन्यानं चार उरले.

मी तेव्हा माझ्या डायरीत लिहिलंय, ‘लोकांना पडलेली नाही.’ ते वाक्य आज वाचताना वाईट वाटतं.

मग जून संपता संपता पालखी आली. करोनामुळे दोन वर्षं पायी वारी झाली नव्हती, त्यामुळे गाव नुसतं उधाणलं होतं. ज्या गिरणीवाल्या काकांनी ‘टाइम नाय ओ ताई’ म्हणून मला परत पाठवलं होतं, ते रात्री अकरा वाजता गुडघे टेकून एका अनोळखी वारकऱ्याच्या भेगाळलेल्या तळव्यांना तेल चोळत होते. न्हावी फुकट दाढ्या करत होते, चांभार फुकट चपला शिवत होते. भजनी मंडळातल्या आक्का पहाटे तीनपासून भाकरी थापत होत्या आणि त्यांच्याभोवती चाळीस-पन्नास बायकांचा राबता होता. कुणी फॉर्म भरला नव्हता. कुणाला तास विचारले नव्हते.

याच माणसांना आम्ही निबर समजलो होतो. पालखी पुढे गेल्यावर मी आणि नर्स ठरवून तीन आठवडे घरोघर बसलो आणि एकच विचारत गेलो: वारकऱ्याचे पाय चेपता, मग शेजारच्या आजोबांकडे का जाववत नाही?

लोक काय म्हणाले

पहिलं उत्तर आक्कांनी दिलं आणि ते पुढे पन्नास तोंडांतून आलं. “आवतान नसताना कुनाच्या घरात शिरायचं? आपन कोन लागतो त्यांचं? त्यांचा ल्योक म्हनंल, मी मेलो काय?” जायची तयारी होती, पण जाण्याचा अर्थ गावात वेगळा लागला असता. मुलगा असताना परक्या माणसानं बापाची पाठ पुसायची, म्हणजे मुलानं टाकलं असं चारचौघांत जाहीर करायचं. म्हाताऱ्यांनाही तेच वाटत होतं. एक आजी मला म्हणाल्या, “तुमची मानसं आली की गल्ली बघती.” आमचा फॉर्म माणसाच्या चांगुलपणाला साद घालत होता. माणसं मात्र शेजारच्या पोराची अब्रू जपत होती, आणि तोही चांगुलपणाच होता.

दुसरं, तास. एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. त्यांना सगळे कंडक्टरकाकाच म्हणत. ते म्हणाले, “तास रोजंदारीवर मोजतात. सेवा काय तासावर करायची?” स्वयंसेवक हा शब्दही आड आला. तो ऐकला की लोकांच्या डोळ्यापुढे जत्रेतला बिल्ला-शिट्टीवाला पोरगा येई, नाहीतर कुठल्यातरी संघटनेचा गणवेश. वाटीभर आमटी शेजारी देणं, आजारी बाईचे दोन कपडे पिळून वाळत घालणं हे त्या बायका रोज करत होत्या. त्याला त्यांच्या लेखी शेजारधर्म हे नाव होतं आणि त्यासाठी नाव नोंदवायचं असतं हे त्यांना पटेना.

तिसरं कुणी सरळ बोललं नाही, हळूहळू कळलं. वारकरी म्हणजे माऊली. त्याच्या पायाची धूळसुद्धा पवित्र. पण अंथरुणात ओलं झालेलं धोतर बदलणं ही घाण, आणि घाण काढणं हे गावात पिढ्यानपिढ्या कुणाच्या माथी मारलं गेलं हे सगळ्यांना ठाऊक. शिवाय पालखीचा मुक्काम एका रात्रीचा. हे दुखणं कधी संपेल सांगता येत नाही.

सुनांचं वेगळं होतं. घरात सासरा असताना दुसऱ्याच्या सासऱ्याला पाणी पाजायला गेली, तर ‘आधी घरचं बघ’ हे ऐकावं लागतं. मुस्लिम मोहल्ल्यातल्या एका चाचींना फोटो खटकला होता. “खिदमत केली तर उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये. तुम्ही तर मोबाईल घेऊन येता.” बौद्धवस्तीतल्या एका शिक्षकानं विचारलं, “फॉर्म मंदिरात आणि हायस्कुलात ठेवलेत. आमच्याकडे कुठे ठेवलेत?” त्यांच्या वस्तीत वाचनालय होतं, दहावीच्या मुलांचे रात्रीचे वर्ग चालत. आंबेडकरी चळवळीत ‘पे बॅक टू सोसायटी’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो, समाजाचं देणं फेडायचं. तिथे तयार माणसं बसली होती आणि आम्ही त्यांच्या दारात गेलोच नव्हतो.

समोरचे पर्याय

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं बसलो. पहिला विचार मानधनाचा आला: गावातल्या पाच-सहा बायकांना पगार देऊन मदतनीस नेमायच्या. काम नेमानं झालं असतं. पैसे जेमतेम होते, आणि पगारी माणसं आली की बाकीचे अंग काढून घेतील अशी भीती वाटली. त्याहून मोठी शंका अशी की हे काम शेवटी गावातल्या सगळ्यात गरीब, त्याच त्या वस्त्यांतल्या बायकांकडे जाईल, आणि घाण काढायचं काम त्यांचंच हा जुना नेम आम्हीच पक्का करू. म्हणून हा पर्याय सोडला. कारण खरं होतं, पण सोडण्याची घाई झाली. त्याबद्दल पुढे सांगेन.

प्रमाणपत्रं, गणपतीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार, हा पर्याय नर्सनं एका वाक्यात मोडला: सत्काराच्या स्टेजवर जी येतील ती पाठ पुसायला येणार नाहीत.

मंडळांमार्फत जावं, हे कंडक्टरकाकांचं म्हणणं. भजनी मंडळ, बचत गट, गणेश मंडळ यांच्यावर लोकांचा विश्वास आयता होता. पण मंडळ म्हटलं की एक आळी, एक जात, एक पुढारी. एका मंडळानं हात घातला की दुसरं मागे सरणार.

उरला आक्कांचा आवतणाचा मार्ग. घरानं बोलवायचं, आम्ही नाही. तो धरला, आणि मंडळांचा आधार फक्त निरोप पोचवण्यापुरता घ्यायचं ठरवलं.

काय केलं

दिवाळीला मुलं गावी येतात म्हणून तोवर थांबलो. मधल्या दोन महिन्यांत मी यादीतल्या मुलांना फोन करत होते. बहुतेकांनी आधी कानावर हात ठेवले. “आम्ही पैसे पाठवतो ना” हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. एकाच्या मनात मात्र रुजलं. चाकणला नोकरी, आई लकव्यानं पडलेली, बायको दोन लहान पोरांसह तिकडेच. पाडव्याच्या दिवशी सकाळी तो लग्नाचं आवतण द्यायला जावं तसा पायी चार घरी गेला. दारात उभं राहून म्हणाला, “मला रोज येणं होत नाही. माझ्या आईकडं तुम्ही येत जा.” मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. चारही घरांतून होकार आला. त्यात गिरणीवाले काका होते.

या एका फेरीनं जे झालं ते आमच्या आठ महिन्यांत झालं नव्हतं. ज्या गोष्टीत मुलाची नाचक्की होती, ती त्यानं स्वतः मागितल्यावर त्याचा मान झाली. आणि बोलावलेल्या माणसाला आता ‘तू कोण’ विचारायची कुणाची छाती नव्हती. डिसेंबरपर्यंत ११ घरांतून आवतणं गेली. कुठे मुलगा गेला, कुठे पुण्याहून आलेली लेक. एका घरी सूनच गेली आणि सासूनं मागून पदर ओढला, तरी गेली.

तासांचा प्रश्न एका नव्वदीच्या मास्तरांनी सोडवला. हे स्वतःच अंथरुणावर होते. १९४० च्या दशकात ते पुण्यात वार लावून शिकले होते: सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. त्यांच्याकडे कोण कधी येणार याची जुळवाजुळव चालली होती तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “तेव्हा मी जेवायला वार लावले. आता माझे वार लागले.” तो शब्द नर्सनं उचलला. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा पाळणाऱ्या माणसांना वार कळत होता. आठवड्याला दोन तास विचारलं तर माणूस हिशेब करतो. गुरुवार घेशील का विचारलं तर तो गुरुवारी कोण घरी असतं ते आठवतो.

शिकवणं जानेवारीत शाळेच्या एका खोलीत, चार संध्याकाळी. अंगाला हात लावण्याचा प्रश्न होताच. इथे नर्सनं जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. तिनं पायापासून सुरुवात केली. वारीमुळे पायाला तेल लावण्यात या गावात कुणालाच कमीपणा नव्हता. माणूस पायाशी बसला की टाच बघायची, घोटा बघायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. मधुमेह्याच्या पायाची जखम अशीच लवकर सापडते. लाल झालेली जागा मात्र चोळायची नाही, ती दाबातून मोकळी ठेवायची आणि नर्सला कळवायचं, हे तिनं दहादा बजावलं. मग हात, मग तोंड, मग पाठ. दोन महिन्यांनी गिरणीवाले काका त्या लकव्याच्या आजींना कुशीवर वळवताना बरोबरच्या बाईला सांगत होते, “उशी अशी गुडघ्यात घाल, घोट्यावर घोटा नको.”

जिथे अडखळलो

‘वार’ या शब्दाला दुसरी बाजू होती आणि ती मला सुचली नव्हती. शिकवणीच्या दुसऱ्या संध्याकाळी मी मास्तरांची गोष्ट मोठ्या उत्साहानं सांगितली. बौद्धवस्तीतले शिक्षक शांतपणे म्हणाले, “वार कुणाचे लागायचे, ताई? माझ्या आजोबांना त्या घरांच्या ओट्यावर तरी बसू दिलं असतं का? ते साताऱ्याच्या बोर्डिंगात शिकले.” भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेलं वसतिगृह, जिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. खोलीत कुणी बोलेना. शब्द बदलायचा का यावर आठवडाभर चर्चा झाली. शेवटी तेच म्हणाले, शब्द राहू द्या, गोष्ट बदला. तेव्हापासून शिकवणीत मास्तरांची गोष्ट सांगितली की बोर्डिंगचीही सांगायची असा नेम केला, आणि ती सांगायला तेच येतात. त्यांच्या गटानं दोन घरं घेतली. पुण्य हा शब्द ते वापरत नाहीत. आम्हीही मग तो सगळ्यांच्या वतीनं वापरणं सोडलं.

सुतकाचा घोटाळा फेब्रुवारीत झाला. एका आजींकडे मंगळवार आणि बुधवार एकाच भावकीतल्या दोन जावांनी घेतले होते. भावकीत कुणी वारलं, दहा दिवस दोघीही येईनात, आणि हे कळवायचं असतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेळा चुकल्या. सुतक पाळू नका म्हणायचा अधिकार आमचा नव्हता. तेव्हापासून प्रत्येक वाराला जोडी लावतो आणि जोडीतली दोन माणसं वेगवेगळ्या भावकीतली घेतो, म्हणजे दोघांना एकदम सुतक येत नाही. हा नियम कुठल्याही पुस्तिकेत सापडला नसता.

२०२३ ला अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिक महिन्यात केलेलं दान-धर्म वाढून पदरात पडतं या श्रद्धेनं १९ माणसं आपणहून आली. आम्ही हुरळलो आणि सगळ्यांना घरं वाटून दिली. अमावास्या झाली आणि पुढच्या आठवड्यात त्यातली तीन उरली. पश्चिमेच्या आळीतल्या एक आजी दर शुक्रवारी दुपारी दार उघडं टाकून बसत राहिल्या, कारण त्यांच्याकडे येणारी मुलगी त्यांना रोजची भाजी निवडून देता देता गप्पा मारायची. ती आजींना सांगून गेली नव्हती, कारण आम्हीही तिला निरोप घ्यायला शिकवलं नव्हतं. माणूस लावून मग तोडणं हे न लावण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी अशा हंगामी माणसांना गोधड्या धुणं, खाटा दुरुस्त करणं, औषधं आणणं अशी एका दिवसात संपणारी कामं द्यायची हे ठरलं.

आणि आणखी एक मुलगी. राष्ट्रीय सेवा योजनेतली, दुसऱ्या वर्षाला, वाणिज्य शाखेची, पहिल्या २६ फॉर्मांतली. तास भरून झाले तरी येत राहिलेली ती एकटी. एका घरी तिनं आजोबांपुढे पाण्याचा पेला धरला. आजोबांनी आडनाव विचारलं. मग पेला खाली ठेवायला सांगितला आणि सुनेला हाक मारली. मी तिथेच होते. नर्स होती. मी बाहेर आल्यावर तिला म्हटलं, “त्यांचं वय झालंय, मनावर घेऊ नकोस.” ती मान हलवून गेली. पुन्हा आली नाही.

यावर निर्णय घ्यायला आम्हाला तीन आठवडे लागले, ते तीन तासांत व्हायला हवं होतं. एक मत असं की रुग्ण आजारी आहे, त्याला शिक्षा करणं आपलं काम नव्हे. दुसरं असं की आपण ज्या घरच्या मान-अपमानाला जपून हे सगळं उभं केलं, त्या घराचा मान तिच्या मानापेक्षा मोठा कसा? शेवटी असं ठरलं: डॉक्टर आणि नर्स प्रत्येक घरी जातील, त्याला कसलीही अट नाही. वार मात्र त्याच घरी लागतील जे घर येणाऱ्या कुणाच्याही हातचं पाणी घेईल, आणि हे आवतण देतानाच सांगायचं. त्या आजोबांच्या मुलाला मी फोनवर स्पष्ट सांगितलं. त्यानं बापाशी भांडून कबूल करून घेतलं. दुसऱ्या एका घरानं आवतण मागे घेतलं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंना आज फक्त नर्स भेटते आणि ते मला डाचतं, तरी तो निर्णय मी बदलणार नाही.

निष्पत्ती

२०२४ च्या पालखीपर्यंत ४१ पैकी १७ घरांना वार लागले होते. नेमानं येणारी माणसं साठच्या आसपास. नव्या जखमा कमी दिसतात असं नर्स सांगते, आणि झाल्या तर लवकर लक्षात येतात, कारण रोज कुणाचे तरी डोळे टाचेवर असतात. अंगाची सगळी कामं करणारे मात्र निम्म्याहूनही कमी, आणि त्यात पुरुष दोनच: गिरणीवाले काका आणि बौद्धवस्तीतला एक रिक्षावाला. बाकीचे पुरुष पेपर वाचून दाखवतात, बँकेचं काम करतात, हयातीचा दाखला काढून आणतात. जड काम बायकांच्याच गळ्यात पडलं हे खरं आहे.

अपेक्षा नव्हती अशी एक गोष्ट झाली. ज्या मुलांनी दारोदार जाऊन आवतण दिलं त्यातले काही जण जास्त वेळा गावी येऊ लागले. चार घरांना शब्द टाकल्यावर आपण न येणं त्यांना जड जाऊ लागलं. एकाचं उलट झालं. शेजारी आपल्या आईचं आपल्याहून चांगलं करतात हे बघवेना म्हणून त्यानं येणं कमी केलं, आणि ते आईनंच मला सांगितलं.

मास्तर गेल्या वर्षी वारले. गुरुवार होता. गुरुवारची जोडी नेहमीप्रमाणे दहा वाजता आली आणि त्यांनीच मुलाला फोन केला. तेराव्याला मुलगा सातही वारांच्या घरी आवतण द्यायला गेला. शिक्षकांच्याही.

पुन्हा करायचं झालं तर

फॉर्म ठेवण्याआधी वस्तीत जाऊन बसेन, आणि मंदिराच्या आधी तिथे जाईन जिथे कुणी गेलेलं नाही. सहा महिने वाचले असते.

मानधनाचा विचार अर्धवट सोडणार नाही. जड कामासाठी दोन प्रशिक्षित मदतनीस, चांगल्या पगारावर, कुठल्याही जातीच्या, पुरुषसुद्धा, आणि सोबतीला वार असं करता आलं असतं. घाणीचं काम फुकट झालं म्हणून पवित्र होत नाही. जी सून सकाळी घरच्या सासऱ्याचं आणि दुपारी शेजारच्या आजोबांचं करते, तिच्या पाठीचं दुखणं आम्ही सेवा या शब्दाखाली झाकलं असं मला वाटतं.

जिच्या हातचं पाणी नाकारलं गेलं त्या मुलीकडे मी दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. गेले ती चार महिन्यांनी. ती घरी नव्हती, आई होती. मी माफी मागितली. आई म्हणाली, “बाकीच्यांना त्या घरानं बोलावलं होतं. माझ्या पोरीनं तुमचा कागद भरला होता. मग तिच्यामागं उभं ऱ्हायचं तुमी.” मला उत्तर देता आलं नाही.

आणि आवतणाच्या रीतीत जे मावत नाहीत त्यांचं काय, हे आधी विचारायला हवं होतं. यादीतल्या सहा जणांना बोलावणारं कुणी नाही. मूल नाही, किंवा मुलानं खरोखरच टाकलंय. एक नवऱ्यानं सोडलेल्या बाई आहेत, पंचाहत्तरीच्या. मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “मग मीच देते की.” काठी टेकत आळीतल्या तीन घरी गेल्या. दोन आले. उरलेल्या पाचांसाठी सध्या आशाताई आपल्या नावानं आवतण देतात. तिच्या शब्दाला लोक येतात, पण ती बोलावते म्हणून येतात, आणि तिनं हे काम सोडलं तर काय करायचं यावर पुढच्या एकादशीनंतर बसायचं ठरलं आहे.